रामगढचं पय्यांवालं घर आणि कार्तिकात फुलणारी रानचेरी

साताऱ्यात आमच्या दादांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर दादांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. वरून तिसऱ्या ओळीत, ज्येष्ठमधाच्या शेजारी, पद्मकाष्ठ. लालसर तपकिरी ढलप्या. चावून बघितल्या तर आधी तुरट, मग कडू. चरकानं वर्ण्य (कांती सुधारणाऱ्या) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणाऱ्या) अशा दोन्ही गणांत हे औषध सांगितलं आहे, चंदनासवातही ते पडतं, त्यामुळे वैद्यांच्या चिठ्ठ्या बारा महिने यायच्या. शाळेतून आलं की मी आणि अक्का पुड्या बांधायला बसायचो. एकदा अक्कानं विचारलं, "दादा, हे झाड दिसतं कसं?" दादा म्हणाले, "मला लाकूड माहीत आहे गं, झाड नाही पाहिलं कधी."

गेल्या नोव्हेंबरात मी त्रेसष्टाव्या आणि अक्का अडुसष्टाव्या वर्षी ते झाड बघून आलो. कुमाऊंत, नैनिताल जिल्ह्यात, रामगढहून मुक्तेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला एक घर आहे. तीन खोल्या पाहुण्यांना देतात आणि घरातली नात झाडं दाखवायला नेते. घराला पाटी नाही. गावात सगळे 'पय्यांवालं घर' म्हणतात, कारण अंगणाच्या कडेला पय्यांची दोन मोठी झाडं आहेत. पय्यां म्हणजेच आपलं पद्मकाष्ठ. वनस्पतिशास्त्रात प्रूनस सेरासॉइडिस, हिमालयातली रानचेरी. ज्यांना हे झाड खरोखर बघायचं आहे त्यांनी इथेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का, ते जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी आमच्या पहिल्या फेरीबद्दल सांगायला हवं, म्हणजे तुमची तशी फेरी होणार नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सहल कंपनीकडून आम्ही 'चेरी ब्लॉसम विशेष' अशी कुमाऊंची सहल घेतली. महिना एप्रिल. मी फोनवर दोनदा विचारलं होतं, रानचेरी एप्रिलमध्ये फुलते का? "मॅडम, चेरी वसंतातच फुलते, जपानमध्ये बघा ना." पोचलो तेव्हा एकाही झाडावर फूल नव्हतं. पीच आणि जर्दाळूचा बहरही मार्चमध्येच उरकला होता. तीन दिवस आम्ही नैनितालच्या तलावाभोवती फिरलो आणि परत आलो. अक्का बोलली काहीच नाही, पण परतीच्या गाडीत तिनं खिडकीकडे तोंड केलं ते मथुरेपर्यंत.

त्यांची चूक एवढीच की जपानची वेळ त्यांनी हिमालयाला लावली. बहुतेक चेरी वसंतात फुलतात हे खरं. प्रूनस सेरासॉइडिस मात्र शरदाच्या अखेरीस फुलते, ऑक्टोबर ते डिसेंबर, उंचीप्रमाणे थोडं पुढेमागे. पानं झडतात आणि थंडीच्या तोंडावर उघड्या फांद्या गुलाबी होतात. आपल्याकडे पळस, पांगारा, सावर निष्पर्ण होऊन फुलतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. हे झाड तेच काम कार्तिकात करतं. आणि ज्या एप्रिलमध्ये आम्ही हताश होऊन हिंडत होतो, त्याच वेळी त्याची फळं पिकत होती. भवालीजवळ चहाला थांबलो तिथे एका झाडावर बुलबुलांची झुंबड होती, लाल होत आलेली लांबट फळं, करवंदापेक्षा थोडी लहान. मी एक तोंडात टाकलं, आंबट आणि शेवटी कडसर. बी थुंकली आणि गाडीत बसले. तेच ते झाड होतं. दीड वर्षानं रामगढच्या घरातल्या नातीनं फळाचा फोटो दाखवला तेव्हा मला कळलं.

जाण्याचं फार सांगत नाही. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, तिथून जीपनं भीमताल, भवाली करत रामगढ. शेवटचा अर्धा किलोमीटर पायवाटेनं उतरावं लागतं, सामान घरातला मुलगा घेऊन जातो.

घर दगडी, पाटाव लाकडी, छप्पर पाटींचं. खोल्या लहान पण रजया उन्हात वाळवलेल्या. जेवण स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून. पहिल्या रात्री ताटात मडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ आली. अक्कानं घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं, कारण मडुवा म्हणजे नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. शेकडो कोस येऊन आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कढण खात होतो, फक्त फोडणीत जखियाच्या बिया होत्या आणि बाजूला भांगेच्या बियांची चटणी. आजी, ज्यांना सगळे आमा म्हणतात, प्रत्येक भाकरीवर तूप सोडत होत्या आणि नको म्हटलं की ऐकूच येत नसल्यासारखं करत होत्या.

आता झाडाकडे येते.

सकाळी आठला निघायचं असं ठरलं होतं. मला वाटलं डोंगरात कुठे लांब चालायचं असेल. ती मुलगी, असेल पंचवीस-सव्वीसची, आम्हाला अंगणातल्या पहिल्या झाडापाशी घेऊन गेली, एक चटई पसरली आणि म्हणाली, "दीदी, पहले हाथ लगाइए, फूल बाद में देखेंगे." त्या एका झाडाखाली आम्ही जवळजवळ दोन तास होतो. चाळीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण एका झाडापुढे इतका वेळ मी मुलांना कधी बसवलं नव्हतं.

खोडावर हात ठेवला तर गार आणि गुळगुळीत. साल तपकिरी, तिला एक झळाळी, देवाची चिंचेनं घासलेली समई असते तशी. खोडाभोवती आडव्या रेघा, किंचित उंचवट्याच्या, कुणी दोरा गुंडाळून खुणा केल्यासारख्या. ती श्वास घेण्याची रंध्रं. बहुतेक झाडांच्या सालीला उभ्या भेगा पडतात, चेरीची साल आडवी वाढते आणि आडवीच सुटते. जुन्या खोडावर तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात. एका जुन्या जखमेतून मधाच्या रंगाचा डिंक ओघळून वाळला होता. तो डिंकही तिथे वापरात आहे. "फूल नसेल, पान नसेल, तरी खोडावरून पय्यां ओळखता यायला हवा," असं ती म्हणाली आणि मग समोरच्या उतारावरची तीन झाडं बोटानं दाखवून विचारलं, यातलं पय्यां कुठलं? अक्कानं बरोबर सांगितलं. माझं चुकलं.

मग पान. नोव्हेंबरच्या मध्याला झाडावर पानं फारशी उरत नाहीत, पण खालच्या एका फांदीवर पाच-सहा पिवळी पानं होती. लांबट, टोकाला निमुळती, कडेला बारीक दाते. तिनं दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि देठाचा वरचा शेंडा बघायला सांगितला. जिथे देठ संपतो आणि पान सुरू होतं, तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान अशा गाठी. माझ्या पानावर दोन, अक्काच्या पानावर तीन. या मधुग्रंथी. कोवळ्या पानांत यांतून गोड रस पाझरतो, तो प्यायला मुंग्या येतात. पानाच्या दात्यांच्या टोकांनाही भिंगातून तसेच बारीक ठिपके दिसतात. गंमत म्हणजे परसातल्या पीचच्या झाडावरची उरलेली पानं तिनं लगेच आणून दिली. त्यांवरही ग्रंथी! पीच, जर्दाळू, आलुबुखार, बदाम, चेरी सगळी एकाच प्रूनस प्रजातीतली, गुलाबाच्या कुळातली. हे मी पाठ करून शिकवलं होतं. पानाच्या देठावर ते नातं बोटानं दाखवता येतं हे मला माहीत नव्हतं.

फूल तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं. फांदीवरचं तोडलं नाही, चटईवर गळून पडलेलं एक ताजं फूल उचललं. फुलं दोन-दोन, तीन-तीनच्या झुबक्यानं येतात, झुबक्यातल्या सगळ्यांचे देठ एकाच बिंदूतून फुटलेले, छत्रीच्या काड्यांसारखे. पाकळ्या पाच, गुलाबी, कडेकडे गडद. खाली लालसर घंटा, म्हणजे निदलाची नळी. तिनं टाचणीनं ती घंटा उभी चिरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत भिंती ओल्या, चकाकत होत्या. फुलातला मधुरस तिथेच तयार होतो. काठावर पुंकेसर, मी मोजले तेहतीस, अक्कानं दुसऱ्या फुलात एकतीस. आणि तळाशी, भिंतीला कुठेही न चिकटलेला, हिरवा इवलासा अंडाशय, त्यावर एकच कुक्षिवृंत. सफरचंदही याच कुळातलं, पण तिथे अंडाशय नळीशी एकजीव झालेला असतो, म्हणून सफरचंदाच्या बुडाशी फुलाचे वाळके अवशेष दिसतात. चेरीत ती घंटा नंतर गळून जाते आणि एकट्या अंडाशयाचं फळ होतं, एक गर आणि एक कठीण बी. मी भिंग अक्काकडे दिलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाळण्यात बाळ निजवल्यासारखं आहे गं."

डहाळीची साल नखानं खरवडून तिनं वास घ्यायला दिला. कडू बदामाचा वास. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, कारण तो वास आम्हाला कुठेतरी ओळखीचा वाटला. दादांच्या खणातल्या ढलप्या वर्षानुवर्षं वाळलेल्या असत, त्यांत हा वास राहत असेल का, ठाऊक नाही, पण अक्का अजूनही म्हणते की तोच वास होता. तो वास ज्या द्रव्यामुळे येतो ते बीमध्येही असतं, चेचल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, म्हणून बी फोडून खाऊ नका, हे तिनं दोनदा बजावलं. गावातल्या बायका या बियांच्या माळा करतात. बी सुरकुतलेलं असतं, ओवलं की छान दिसतं.

नावाबद्दलही तिनं सांगितलं. १८२५ साली डेव्हिड डॉननं नेपाळच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात या झाडाचं वर्णन छापलं, सेरासॉइडिस म्हणजे चेरीसारखं. पण पूर्वी याला प्रूनस पुडम असंही नाव होतं, आणि त्यातलं पुडम म्हणजे इथलं पदम, आपलं पद्म. लॅटिन नावात दादांच्या चिठ्ठीवरचा शब्द बसलेला ऐकून मला भरून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

एक विषयांतर करते. आपल्याकडे चेरी म्हटलं की केकवरचा लाल गोळा आठवतो. ते बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंग दिलेलं करवंद असतं. आणि पुण्या-साताऱ्यात रस्त्याकडेला ज्याला मुलं चेरीचं झाड म्हणतात, गोड लाल फळांचं, ते मुंटिंजिया, चेरीशी त्याचं काही नातं नाही. म्हणजे आपल्या पोरांनी खरी चेरी झाडावर पाहिलेलीच नसते. नातवंडांना इथे न्या.

दुसऱ्या दिवशी ती वरच्या जंगलात घेऊन गेली. बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) सावलीतून चढत गेलं की पय्यां मागे पडतो. साधारण बाराशे ते चोवीसशे मीटर हा त्याचा पट्टा. वर आणखी एक रानचेरी लागते, प्रूनस कॉर्नुटा, तिथले लोक तिला जामण म्हणतात. ती वसंतातच फुलते, मेच्या सुमारास, लांब लोंबत्या पांढऱ्या तुऱ्यांनी. कॉर्नुटा म्हणजे शिंगवाली, कारण तिच्या फळांवर किडीमुळे शिंगासारख्या गाठी येतात. नोव्हेंबरात तिचं नुसतं खोड बघायला मिळालं, पण तिथेही आडव्या रेघा होत्या, आणि या वेळी मी ओळखल्या. चढ संपतो तिथून त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट अशी रांग दिसते. मागे बर्फ, पुढे गुलाबी फांदी, असा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. खालच्या वळणावर दिल्लीकडची काही मुलं पाकळ्या पडाव्यात म्हणून फांद्या गदागदा हलवत होती. ती मुलगी त्यांच्यापाशी गेली, आवाज न चढवता म्हणाली, "भैया, मौन का खाना है यह." मुलं थांबली.

मौन म्हणजे मधमाशी, हे मला त्या वाक्यानं कळलं. घरी आल्यावर तिनं मागची भिंत दाखवली. दगडी भिंतीत अंगठा जाईल एवढं भोक, आत भिंतीच्या जाडीत पोकळी, आतल्या बाजूला लाकडी फळी. जुन्या कुमाऊंनी घरांत माश्यांसाठी भिंतीतच अशी जागा ठेवतात. माशी आपलीच, महाबळेश्वरवाले जिला सातेरी म्हणतात ती. मी तिथे पायरीवर अर्धा तास बसले. एकेक माशी पायांवर पिवळट गोळ्या घेऊन यायची, भोकाच्या काठावर क्षणभर टेकायची आणि आत शिरायची. थंडी पडायला लागली की रानात दुसरं फारसं काही फुललेलं नसतं, तेव्हा हे झाड त्यांचं पोट भरतं. बाकीच्या चेरी वसंतात गर्दीत फुलतात, हे एकटं मागे राहून फुलतं. माझ्यासाठी या झाडाची सगळ्यात मोठी ओळख हीच.

घरातले बुबू, म्हणजे आजोबा, संध्याकाळी शेकोटीपाशी बोलायला बसले. त्यांच्याकडे लग्नाच्या मांडवाला पय्यांची डहाळी लागते, शुभकार्यात पानांचं तोरण लागतं, आपल्याकडे आंब्याचा टाळा लागतो तसं. उभं झाड कुणी सहसा तोडत नाही, देवाचं झाड मानतात. मी त्यांना दादांच्या खणाबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लकड़ी तो कहीं से कटकर ही आती होगी, बेटी." खरं आहे. काष्ठ म्हणजे लाकूड, आणि ते कुठल्यातरी खोडाचं असतं. चाळीस वर्षं आम्ही त्या पुड्या बांधल्या आणि हा विचार एकदाही मनात आला नाही. औषधाला माझा विरोध नाही, दादांचं आयुष्य त्यावर गेलं. पण जो कोणी आज हे औषध विकतो, त्यानं ते लागवडीतलं आहे का, एवढं तरी विचारावं.

आता ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्या. पहिल्या सकाळी गरम पाणी आलंच नाही, बंबाची लाकडं ओली होती. स्नानगृह घराबाहेर आहे आणि रात्री तीन-चार अंश तापमानात तिथवर जाणं अक्काला जड गेलं. दुसऱ्या दिवसाची वाट 'सोपी' म्हणून सांगितली होती, ती सोपी नव्हती. उतारावर चीडच्या, म्हणजे पाइनच्या, सुया पडलेल्या असतात, पाय सरकतो, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावीच. अक्का अर्ध्यातून परतली आणि तिच्यासोबत परत जायला दुसरं कुणी ठेवलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच अर्धा तास थांबावं लागलं. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात. माहिती सगळी हिंदीत मिळते, मराठी माणसाला अडचण नाही, पण लहान मुलांना शास्त्रीय शब्द तुम्हालाच समजावून सांगावे लागतील.

खर्च म्हणाल तर राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण माणशी दिवसाला २,२०० रुपये, झाडं दाखवण्याचे माणशी ६०० रुपये दर दिवशी. पहिल्या दिवसाचे ६०० रुपये मी आनंदानं दुप्पट दिले असते. भिंतीतल्या पोळ्याचा मध अर्धा किलो घेतला. साताऱ्याला पोचेपर्यंत तो दाणेदार गोठला होता, बरणी कोमट पाण्यात ठेवली आणि सुटला. त्यात फक्त पय्यांचाच मध आहे असा त्यांचा दावा नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला. पाचपैकी गुण द्यायचे तर राहण्याला साडेतीन, जेवणाला पाच, त्या मुलीच्या दाखवण्याला पाच.

मी रोपही मागितलं होतं. तिनं दिलं नाही. सातारा खाली आहे, गरम आहे, तिथे ते जगणार नाही, आणि बीला रुजायला आधी थंडीचे महिने लागतात, असं तिनं समजावलं. उगाच घेऊन जाऊन मारू नका, म्हणाली. त्याऐवजी एप्रिलमध्ये गोळा करून धुऊन ठेवलेल्या बियांतली एक, भोक पाडून दोऱ्यात ओवलेली, अक्काच्या मनगटाला बांधली.

जायचं असेल तर एक करा. तारीख ठरवून तिकिटं काढू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण बहर दरवर्षी आठ-पंधरा दिवस पुढेमागे होतो आणि ऐन भरात तो जेमतेम दोन आठवडे टिकतो. पहिल्या कळ्या उमलल्या की ते स्वतः फोन करतात. आम्हाला १० नोव्हेंबरला संध्याकाळी फोन आला, "दीदी, फूल आ गए." अक्का तेव्हा भाजी निवडत होती. तिनं निवडलेली मेथी तशीच ताटात ठेवली आणि माळ्यावरून बॅग काढायला शिडी मागितली.